दुसरा कान

१

आमच्याकडे घंटा घडवणारा शेवटच्या ठोक्यानंतर स्वतःच्या कानावर भरवसा ठेवत नाही. तो घंटा वाजवतो आणि समोर बसलेल्याला विचारतो, "बोलली का?" समोरचा "बोलली" म्हणाला की घंटा दांडीवर टांगली जाते. "अजून नाही" म्हणाला की पुन्हा ऐरणीवर. सकाळपासून पत्रा ठोकून घडवणाऱ्याचे कान बधिर झालेले असतात, म्हणून ही रीत. समोर बसतो त्याला दुसरा कान म्हणतात. आमच्या बापाचा दुसरा कान आमचा काका होता. माझा थोरला भाऊ जुसब, त्याचा मी.

थोरल्या भावाला आम्ही अदा म्हणतो. मी अदासमोर बसतो ते केवळ घंटांसाठी नाही. अदाला फेफरं येतं. मी सातवीत होतो तेव्हा तो काम करता करता भट्टीच्या तोंडावर पडला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दुसऱ्या दिवशी बापानं माझं दप्तर खुंटीला लावलं आणि म्हणाला, "अलाना, आजपासून तू त्याच्यासमोर. घंटा ऐक, आणि त्याला बघ." बाप गेला. मी अजून बघतो.

लोकांना वाटतं, फेफरं आलं म्हणजे चांगला बसलेला माणूस एकदम कोसळला. तसं नसतं. ते सांगून येतं. अदाचा डावा अंगठा आधी शेजारच्या बोटावर घासायला लागतो, चिमटीत पीठ धरल्यासारखा. मग तो आवंढे गिळतो. मग मी होकार दिलेली, झालेली घंटा तो पुन्हा उचलून वाजवतो. विचारत काही नाही, नुसती वाजवतो, आणि मान डावीकडे कलते. तेवढ्यात मला उठून त्याला भट्टीपासून ओढायचं असतं, कुशीवर करायचं असतं, डोक्याखाली काहीतरी द्यायचं असतं. भुजच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला जवळ बोलावून सांगितलं, "तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका. आधीची लक्षणं ओळखायला शिका. विस्तवाजवळ काम करणाऱ्याला ते औषधाइतकंच लागतं."

परत येताना बसमध्ये अदा म्हणाला, "ऐकलंस ना, अलू? माझं अर्धं औषध तू."

शाळेत मला कुणी असं काही म्हणालं नव्हतं. दुसरीकडेही कुठे नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. दुकानावर गिऱ्हाईक आलं तर मी मापाची घंटा पुढे करतो आणि खाली बघतो. पण अदासमोर बसलो की मला माहीत असायचं, जगात ही एक जागा माझी आहे.

२

अदाचा निकाह झाला आणि हवाभाभी घरात आली. ती आमच्यासारख्याच लोहाराच्या घरची, मिठाच्या रणाच्या काठच्या गावची. घंटेवर तांब्याचा भुगा लावून वरून माती लिंपायचं काम आमच्यात बायका करतात. तिचा हात इतका सफाईचा की आमची मा दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मी लिंपलेल्या घंटा आता बकऱ्यांना, हिच्या उंटांना."

भाभी हसायची फार. माझ्याशीही बोलायची. "अलाना, तुझ्या तोंडात जीभ आहे की तिथंही लाकडाचा लोलक बसवलाय? हलवला तरच वाजतो." मी खाली बघायचो. मला ती आवडत होती, हे मी खोटं सांगणार नाही. भावाची बायको जशी आवडावी तशी.

एके दिवशी सकाळी वेजा रबारी आपल्या उंटांच्या घंटा घ्यायला आला होता. अदा त्याला एकेक वाजवून दाखवत होता.

"ही बोलते की खोकते रे, जुसब?"

"तुझी सांडणी जशी चालते तशी ही बोलते. सांडणीला औषध दे."

"आणि माझ्या बायकोच्या गळ्यात बांधायला काही आहे का? सकाळी निघाली की दिसत नाही."

अदा खो खो हसत होता. त्याचे दोन्ही हात कामात होते. अंगठा शांत. मी बघतच होतो, मी नेहमीच बघत असतो.

तेवढ्यात पलीकडे माती लिंपत बसलेली भाभी उठली. हात पदराला पुसले, आतून गोधडी आणली, आणि अदाच्या पाठीमागे, भट्टीपासून लांब, दुहेरी करून अंथरली. मग पुन्हा जागेवर जाऊन बसली. वेजानं माझ्याकडे बघितलं, मी अदाकडे. अदा अजून हसत होता. पुढची घंटा निवडली, तिच्यात फुंकर मारली, वेजाला तिची किंमत सांगितली, घासाघीसही झाली.

मग अंगठा हलला.

मी उठेपर्यंत भाभीनं त्याला बगलेत धरून गोधडीवर घेतलं होतं. कुशीवर केलं, डोक्याखाली मांडी दिली. सगळं बरोबर केलं, मी करतो त्याहून हळुवार. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अलाना, पाणी आण."

मी पाणी आणलं.

३

"भाभी, तुला कसं कळलं?" मी दुपारी विचारलं. अदा आत झोपला होता.

"तुला कसं कळतं?"

मी अंगठ्याचं सांगितलं. आवंढ्याचं, मानेचं. हे मी आजवर कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. सांगताना माझी छाती जरा भरूनही आली.

ती मातीचा गोळा मळत होती. मळता मळता हसली. "अंगठा म्हणजे तर आत आल्यावर. मला येताना कळतं."

"कुठून येताना?"

"तिकडून," ती म्हणाली, आणि मातीच्या हातानं फाटकाकडे दाखवलं.

मी मनाची समजूत घातली. बायको आहे. रात्री त्याची झोप कशी झाली ते तिला माहीत. सकाळी त्यानं रोटला किती खाल्ला, डोळे कसे होते, ते तिलाच दिसणार. डॉक्टरही म्हणाले होते, काहींना माणसाच्या अंगाचा वास बदललेला कळतो, काहींना नुसता रंग. "तिकडून" हा बोलण्याचा प्रकार झाला. ती थट्टेखोर आहेच.

मा मात्र शेजारणीला ऐकवत होती, "आता मी निश्चिंत झाले बाई. शेवटी बायकोला कळतं ते भावाला कुठून कळणार?"

मी तिथेच घंटा घासत होतो. घासता घासता एका घंटेचं तांबं उडालं.

त्या दिवसापासून मी अदाला बघायचं सोडून भाभीला बघायला लागलो. ती काय बघते ते मला हवं होतं. आणि ती अदाकडे बघतच नव्हती, हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

ती लिंपता लिंपता थांबायची. मान वर करून फाटकाकडे बघायची. फाटक बंद, बाहेर रस्ता रिकामा. मग तिची नजर हळूहळू आत यायची. बाभळीच्या लाकडांच्या ढिगावरून, नळाच्या ओट्यावरून, घंटा टांगलेल्या दांडीच्या खालून. पाहुणा दमून आला असेल आणि आपण त्याला येताना बघत असू, तशी. आमची काम करायची पडवी अरुंद आहे. ती उंबऱ्याशी बसते, पाय पसरून, पायांत मातीचं घमेलं.

नजर उंबऱ्यापर्यंत आली की भाभी घमेलं बाजूला करायची आणि पाय आत घ्यायची.

कुणी जाणार असलं की आपण घेतो तसे. नीट, अदबीनं. थोडा वेळ तशीच बसायची, मग पाय पुन्हा पसरायची.

आणि अदाचा अंगठा हलायचा.

४

मी हे कुणाला सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, दिराला भावजयीचं देखवत नाही. ते खरंच होतं. म्हणूनच मी स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवला नाही. पाय अवघडले तर माणूस पाय घेतोच. उन्हानं डोळे दिपले तर नजर हळू फिरतेच.

पण एक दिवस अदानं घंटा वाजवली आणि माझ्यावरून पलीकडे बघत विचारलं, "हवा, बोलली का?"

भाभीनं काम न थांबवता म्हटलं, "बोलली."

मला ती घंटा बोललेली वाटली नव्हती. तिच्या आवाजाला शेवटी किंचित काठ होता, कडेला घासल्यासारखा. मी तसं म्हणालो. अदानं घंटा पुन्हा वाजवली, ऐकली, आणि सरळ दांडीला लावली. "अलू, तू पुढे दुकानावर बसत जा की," तो अगदी प्रेमानं म्हणाला. "हल्ली पाहुणे येतात रण बघायला, विकायला कुणीतरी पाहिजे. इथं हवा आहे ना."

"मला बोलता येत नाही अदा."

"येईल. बस तर."

मी दुकानावर बसलो. तिथून पडवी दिसत नाही, मध्ये मातीची भिंत आहे. आवाज तेवढा येतो. मी भिंतीला पाठ लावून ऐकायचो. टण, आणि मग अदाचा प्रश्न, आणि मग तिचा होकार. बाईच्या आवाजात तो शब्द किती लवकर संपतो. प्रत्येक होकार माझ्या नखाखाली काटा गेल्यासारखा जायचा. तिच्या हातून एकदा चुकावं असं मला वाटायचं. लगेच भट्टी आठवायची, आणि मी तोंडातल्या तोंडात तौबा करायचो.

अशाच एका दुपारी मला भिंतीपलीकडून नाही, तर फाटकाकडून एक गुंजन ऐकू आलं. घंटा वाजून गेल्यावर मागे जे उरतं ते. ठोका झालाच नव्हता, नुसती त्याची शेपटी. आमच्या धंद्यात वाजती राहिलेली घंटा तशीच सोडत नाहीत, हात लावून गप्प करतात. मला वाटलं, वाऱ्यानं कुठली तरी हलली. मी उठलो आणि अंगणातल्या दांडीपाशी जाऊन एकेका घंटेवर तळवा ठेवत गेलो. धाकटीपासून थोरलीपर्यंत. एकही थरथरत नव्हती. सगळ्या थंड, मेल्यासारख्या. गुंजन मात्र चाललंच होतं, माझ्या पाठीमागून, लाकडांच्या ढिगाजवळून, नळाकडे.

मी वळलो तेव्हा पडवीत भाभी पाय आत घेत होती.

तिनं वर बघितलं. अंगणात मी, हात घंटेवर. तिच्या तोंडावरचं हसू जे ती घरात आल्यापासून मी रोज बघत होतो ते तिथे नव्हतं. मग अदाचा हातोडा खाली पडला आणि ती त्याच्याकडे धावली.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

५

पुढच्या वेळी मी दुकानावरून धावत आलो आणि तिच्या आधी ओरडलो. "अदा, हातातलं ठेव. मागे हो." गुंजन अजून फाटकाबाहेर होतं. अदा चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला, पण ऐकलं. गोधडीवर जाऊन बसला, भाभीशी दोन शब्द बोलला, पाणी प्याला. मा म्हणाली, "काय झालं रे, तो तर चांगला आहे." आणि मग ते आलं.

जागा झाल्यावर अदानं मला जवळ बोलावलं. "बस इथं समोर," एवढंच म्हणाला. मी बसलो. मी भाभीकडे बघितलं, आणि माझं बघणं कसं असेल ते मला ठाऊक आहे.

ती चिडली नाही. संध्याकाळी चुलीपाशी मला रोटला वाढताना हळूच विचारलं, "बाहेर असतानाच ऐकलंस?"

"हो."

"नुसतं ऐकलंस? दिसलं नाही ना?"

"काय दिसायचंय?"

तिनं तव्यावरचा रोटला उलटला. "काही नाही. मग आता तूच बघ, अलाना. मी दमले. तुझी जागा तुला."

आणि तिनं खरंच आपलं लिंपायचं काम उचलून मागच्या अंगणात नेलं. मी जिंकलो होतो. ताकाचा पेला मी एका घोटात संपवला.

६

दिवस माझे झाले. टण. "बोलली का, अलू?" "बोलली." माझा शब्द कुठे अडायचा नाही. गुंजन यायचं तेव्हा मी त्याला फाटकाशीच ओळखायचो, अदाला मागे घ्यायचो. वेजा रबारी म्हणाला, "या पोराला माझ्या कळपात दे, लांडगा आला की सांगेल."

मग एका दुपारी पत्रा कापता कापता मी मान वर केली, आणि अदा घंटा वाजवून थांबलेला होता. मी "बोलली" म्हणायला तोंड उघडलं.

"बोलली का?" त्यानं विचारलं.

माझ्याकडे बघून नाही. मी समोर होतो. तो डावीकडे, स्वतःच्या आणि भट्टीच्या मध्ये बघत होता. तिथे कुणी बसत नाही, बसवतच नाही. आणि मी गुंजन ऐकलं नव्हतं. कधी आलं, फाटकावरून की कुठून, काही नाही. आता मात्र ते तिथे होतं, बसल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर.

अदा उत्तर ऐकत होता. मी त्याला घंटांचा आवाज ऐकताना लहानपणापासून बघितलंय. इतकं मन लावून त्यानं माझं कधी ऐकलं नाही. भाभीचंही नाही. मान कलती, ओठ जरा उघडे, शाळेत मास्तरांचं लाडकं पोर बसतं तसा. मग त्यानं मान हलवली, "अस्सं," म्हणाला, आणि घंटा त्या बाजूला पुढे केली. आणि सोडली.

घंटा पडली. पण लगेच पडली नाही.

भट्टीवरची हवा तापून हलत असते, पलीकडचं सगळं वाकडंतिकडं दिसतं. हे मला माहीत आहे. मी ते स्वतःला अजून सांगतो. घंटा हवेत होती तोवर तिच्या तांब्यावर काहीतरी गोल आवळलेलं होतं, बोटांसारखं, काळसर, आणि त्या बोटांना नखं होती.

मी उडी मारून अदाला ओढलं. त्याचं अंग माझ्या हातात ताठ झालं, मग झटके सुरू झाले. मी त्याला कुशीवर धरून ठेवलं. मागच्या अंगणातून भाभी पळत आली आणि उंबऱ्यावरच थांबली. आत आली नाही. ती भट्टीच्या बाजूला बघत होती.

"बसलंय?" तिनं विचारलं.

मी तिकडे बघितलं नाही.

७

अदा शुद्धीवर आला तेव्हा त्याचे डोळे माझ्यावरून फिरून मागे गेले, काही शोधत. सापडलं नाही तसे परत आले. बाजारात आईचा हात सुटलेल्या पोराचे असतात तसे.

"तू मध्ये आलास," तो म्हणाला. रागानं नाही.

"तू आगीत पडला असतास."

"तो सांगत होता, कुठं चुकतं ते. अर्धंच झालं."

"कोण, अदा?"

त्यानं माझा हात थोपटला. लहानाला थोपटावा तसा. "अलू, तुझा कान चांगला आहे. हवाचाही आहे. पण तुम्ही दोघं फार लवकर हो म्हणता."

मी भुजला चल म्हणालो. गोळ्या बदलून मिळतील म्हणालो. तो हो हो करत राहिला आणि गेला नाही. मीच एकटा जाऊन डॉक्टरांना भेटून आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फेफऱ्याआधी काहींना माणसं दिसतात, बोलणं ऐकू येतं, म्हणाले. मी विचारलं, "ते दुसऱ्या कुणाला दिसतं का?" त्यांनी चष्मा काढला, "तुमची झोप नीट होते का?" असं मलाच विचारलं, आणि गोळ्या वाढवून दिल्या. भाभी रोज सकाळी गोळी देते आणि तो गिळेपर्यंत उभी राहते. तो गिळतो, तोंड उघडून दाखवतो. नळावर चूळ भरायला गेला की ओट्याखालच्या चिखलात पांढरं काहीतरी विरघळत असतं.

८

आता अदानं आपली बैठक फिरवली आहे. उजेड नीट येत नाही, असं कारण सांगितलं. त्याची पाठ आमच्याकडे आणि तोंड भट्टीकडे. अंगठा दिसत नाही, आवंढा दिसत नाही, मान कलली तरी काम करताना कलल्यासारखीच वाटते. मी जागा बदलून पलीकडे जायला बघितलं तर तो पुन्हा फिरला. आम्ही ऐरण ओढायला गेलो तर आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्यावर हात उगारला. मा म्हणते, "त्याला करू द्या रे त्याचं. किती सुरेख व्हायला लागल्यात घंटा." ते खरं आहे. तशा घंटा आमच्या बापानंही घडवल्या नाहीत. वेजा एक घेऊन गेला आणि परत घेऊन आला. म्हणाला, उंट चरत नाहीत, नुसते उभे राहून ऐकतात.

भाभी मागचं अंगण सोडून पुन्हा पडवीत आली. ती आणि मी आता शेजारी शेजारी बसतो, अदाच्या पाठीमागे, हात टाकला तर पोचेल इतक्या अंतरावर. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, पण मला तिचा राग येत नाही. त्याच्या पाठीकडे बघणारे आम्ही दोघंच आहोत, आणि त्याला दोघांपैकी कुणीही नको आहे.

आज सकाळपासून वारा पडलेला आहे. मा आत बाजरी निवडते आहे. अदानं एक घंटा वाजवली, आणि काही न विचारता तशीच हातात धरून बसला. वाट बघत.

"फाटक," भाभी ओठातल्या ओठात म्हणाली.

मलाही ऐकू आलं होतं. मी गुडघ्यांवर आलो, तीही आली. ते या वेळी कुठे थांबलं नाही, ढिगापाशी नाही, नळापाशी नाही, घरचा माणूस येतो तसं सरळ आलं. उंबरा ओलांडला. आम्हा दोघांच्या मधून जाताना माझ्या उजव्या गालाला आणि तिच्या डाव्या गालाला गार लागलं, तिनंही त्याच क्षणी हात गालावर नेला. मी अदाच्या खांद्याकडे हात टाकला.

अदानं मागे बघितलं नाही. शेजारची चटई तळव्यानं झटकली, आणि जागा करून देण्यासाठी भट्टीकडे सरकला.